केसपेपर कुणाच्या हातात?

6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर दिवेलागणीच्या सुमाराला वीस वर्षांच्या एका मुलाचं डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीडेक मैलावर. बाज आणून त्याला घरी नेईपर्यंतच बराच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. पुढे गाडीत घालून सुमारे दोनशे मैलांवरच्या पुण्याला आणलं, एक्स-रे निघाला आणि शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात मुलगा दाखल झाला. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं तासाभराच्या अंतरानं द्यायला सांगितली होती. दिलं गेलं एकच. भूल न देता, माणसांचा जोर लावून हाड बसवलं आणि पायाला प्लास्टर घातलं. त्याच रात्री मुलगा गेला.

आईवडिलांनी दावा लावला. पुण्याचं दिवाणी न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय. 1968 साली अंतिम निकाल लागला तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती आणि नुकसानभरपाई होती 3000 रुपये. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावानं हा निकाल आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या बहुतेक प्रत्येक खटल्यात वाचला जातो. डॉक्टरची तीन कर्तव्यं त्यात नोंदली आहेत: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे काळजीनं ठरवणं, कोणते उपचार द्यायचे हे काळजीनं ठरवणं आणि ते काळजीनं देणं.

या खटल्यातला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. मुलाचे वडील स्वतः दापोलीचे डॉक्टर होते.

आता देशातल्या सर्वात गाजलेल्या भरपाईकडे पाहा. 1998 साली अमेरिकेतून कोलकात्याला आलेल्या एका तरुणीच्या अंगावर पुरळ उठलं, उपचारांत दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या स्टेरॉइडचा भडिमार झाला, प्रकृती ढासळल्यावर तिला विमानानं मुंबईला हलवलं आणि तिथे तिचा मृत्यू झाला. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं 6 कोटी 8 लाखांची भरपाई आणि वर व्याज मंजूर केलं. खटला लढणारा नवरा हाही डॉक्टरच. पंधरा वर्षं तो स्वतः कागद वाचत, स्वतः युक्तिवाद उभे करत राहिला.

पाया घालणारा निकाल डॉक्टरनं मिळवला आणि सर्वात मोठी भरपाईही डॉक्टरनंच. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. एक इंजेक्शन कमी पडलं, याचा अर्थ काय हे दापोलीच्या वडिलांना कळत होतं. कॅज्युअल्टीच्या बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला ते कळत नाही, आणि कळेल अशा कागदापर्यंत त्याचा हात पोचत नाही. आपल्याकडे रुग्णाच्या बाजूचे कायदे आणि निकाल थोडके नाहीत. टंचाई आहे ती पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याच्याशेजारी उभं राहणाऱ्या माणसाची. तातडीच्या विभागातल्या चुका आणि त्यांची दाद या विषयाचा आढावा घेताना ही गोष्ट मला सारखी आडवी येत राहते.

सुरुवात दारापासून करू. कॅज्युअल्टीतली पहिली चूक बहुधा उपचारातली नसतेच. ती दारातच होते. 'बेड नाही', 'ही पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या', 'आधी डिपॉझिट भरा.' याबाबत मात्र कायदा अगदी लख्ख आहे. गाडीनं उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयानं घेतलं नाही. आमच्याकडे मेडिको-लीगल केस घेत नाहीत म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि वाटेत तो मेला. वर्तमानपत्रातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. 1989 च्या त्या निकालानं सांगितलं, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम. पोलिसांचे सोपस्कार नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्येही अपघातग्रस्तावर सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करण्याचं बंधन आहे.

1992 साली बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचा एक कार्यकर्ता रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. त्याला घेऊन कोलकात्यातली एकामागून एक सरकारी रुग्णालयं पालथी घातली गेली. कुठे खाट नव्हती, कुठे यंत्र नव्हतं. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे 17 हजार रुपये खर्चून उपचार झाले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं राज्याला 25 हजार रुपये द्यायला लावले आणि पैसे नाहीत ही सबब जगण्याच्या हक्कापुढे चालणार नाही असं बजावलं. कोलकात्यातच 2001 साली बसखाली आलेल्या विद्यार्थ्यावर एका खासगी रुग्णालयानं उपचार सुरू केले, 15 हजार रुपये लगेच भरता आले नाहीत म्हणून थांबवले, आणि दुसरीकडे नेताना तो गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2005 मध्ये 10 लाखांची भरपाई दिली. उपचार एकदा सुरू केले की पैशासाठी अर्ध्यावर सोडता येत नाहीत, हे त्या निकालाचं मर्म.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं 2006 पासून लागू असलेल्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून स्थिर करायचं, हेही त्या योजनेत आहे. पण योजना कागदावर असणं आणि रात्री अकरा वाजता काउंटरवरच्या माणसाला ती ठाऊक असणं यांत फार अंतर आहे. 2025 च्या मार्चअखेर पुण्यात एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे एका धर्मादाय रुग्णालयानं 10 लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे प्रसूती झाल्यावर ती दगावली, शहर पेटून उठलं आणि मग त्या रुग्णालयानं तातडीच्या विभागात यापुढे अनामत घेणार नाही असं जाहीर केलं. जो नियम कित्येक वर्षांपासून होता, तो नवा निर्णय म्हणून जाहीर व्हावा, यातच सगळं आलं.

अपघाताच्या जखमींसाठी केंद्रानं मे 2025 पासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या बिनरोखीच्या उपचारांची योजना लागू केली. तीही सर्वोच्च न्यायालयानं वर्षाच्या सुरुवातीला कान उपटल्यावर.

दाराच्या आत पाऊल टाकलं की गोष्ट अवघड होते.

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पन्नाशीच्या माणसाला 'ॲसिडिटी आहे' म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं आणि पहाटे तो गेला. ही चूक आहे का? लोक पटकन हो म्हणतील. न्यायालय विचारेल, ईसीजी काढला होता का? काढला असेल, तो सरळ दिसला असेल, काही तास थांबवून पुन्हा काढायला सांगितला असेल आणि नातेवाईकच घेऊन गेले असतील, तर निकाल एक. ईसीजीच काढला नसेल तर निकाल दुसरा. निदान चुकणं आणि निष्काळजीपणा या कायद्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. त्याच शिक्षणाच्या, त्याच परिस्थितीतल्या साधारण सावध डॉक्टरनं जे केलं असतं ते केलं का, एवढंच पाहिलं जातं. ही कसोटी इंग्लंडातून 1957 च्या बोलॅम खटल्यातून आली. खुद्द इंग्लंडनं रुग्णाला धोके समजावून सांगण्याबाबत ती 2015 मध्ये बाजूला सारली. आपण अजून तिच्याशी बरेच घट्ट बांधलेले आहोत.

'त्याच परिस्थितीतला' हे शब्द तातडीच्या विभागात फार महत्त्वाचे. रात्री दोन वाजता एकच आरएमओ, दोन सिस्टर, एक मामा आणि एकदम आलेले चार रुग्ण. अशा वेळी घेतलेला निर्णय दुपारच्या ओपीडीतल्या निर्णयाच्या तराजूत तोलता येत नाही, हे न्यायालयं मानतात आणि ते रास्तच आहे. आपल्याकडे तातडीचं वैद्यक ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून मान्य झाली तीच 2009 मध्ये. तालुक्याच्या गावी रात्रपाळीला बसलेला तरुण बहुतेक वेळा या शाखेचा नसतो, कधी कधी ॲलोपॅथीचाही नसतो. मुंबईतल्या एका खटल्यात होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की जी पद्धत आपण शिकलोच नाही तिचे उपचार देणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा नको. आणि 3 लाखांची भरपाई दिली. रुग्णालयाच्या फलकावर चार एमडी आणि खुर्चीत कोण बसलंय हे वेगळंच, ही आपली जुनी रीत. तक्रार करताना हा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही.

परिस्थितीची सबब जिथे चालत नाही अशा चुका मात्र ओळखू येतात. दिल्लीकडच्या एका खटल्यात विषमज्वर झालेल्या लहान मुलाला एका औषधाऐवजी क्लोरोक्विनचं इंजेक्शन शिरेतून गेलं, हृदय थांबलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. 1998 साली सर्वोच्च न्यायालयानं मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या यातनांसाठी वेगळे 5 लाख मान्य केले. भोपाळमध्ये 2009 साली डेंग्यू झालेली एक गृहिणी सकाळी दाखल झाली आणि त्याच रात्री गेली. दिवसभरात रक्ताच्या तपासण्या जेवढ्या वेळा व्हायला हव्या होत्या तेवढ्या झाल्या नाहीत. 2019 मध्ये न्यायालयानं 15 लाख दिले. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत शून्य धरता येत नाही, हेही त्या निकालानं सांगून टाकलं. या दोन्ही खटल्यांत निर्णय कुठे लागला? औषधाच्या चिठ्ठीवर आणि नोंदींच्या वेळांवर. म्हणजे कागदावर.

मग जायचं कुठे?

आज सर्वात जास्त चालता रस्ता आहे ग्राहक आयोगाचा. 13 नोव्हेंबर 1995 रोजी शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते असं ठरवलं. 2019 चा नवा कायदा आल्यावर 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत वैद्यकाचं नाव नाही, म्हणून डॉक्टरांची एक संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. 2021 मध्ये याचिका फेटाळली गेली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातही डाळ शिजली नाही. जाता जाता एक गंमत: 2024 मध्ये त्याच न्यायालयानं वकिलांची सेवा मात्र ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. डॉक्टर चुकला तर आयोग आहे. त्या डॉक्टरविरुद्धचा तुमचा खटला वकिलानं मुदतीत दाखल केला नाही तर तिथे दाद नाही.

या रस्त्याचे फायदे खरे आहेत. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग रुग्णालय मुंबईत का असेना. वकील सक्तीचा नाही. कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, भरलेल्या पैशांवर ठरतं: 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. म्हणजे कॅज्युअल्टीचं बिल 40 हजार झालं आणि माणूस गेला, तर 40 लाखांची मागणीही जिल्ह्यातच आणि विनाशुल्क करता येते. हे कळलं की अनेकांची भीती निम्मी होते. दोन वर्षांची मुदत मात्र कडक आहे. सबळ कारण दाखवलं तरच उशीर माफ होतो, आणि 'दुःखात होतो' हे कारण दर वेळी पुरेसं ठरत नाही.

तोटा एकच, पण मोठा. तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. आयोगाच्या व्हरांड्यात एक सकाळ काढा, म्हणजे त्या वाक्याचं वजन कळेल. सदस्यांच्या जागा रिकाम्या, तारखा लांबलेल्या आणि समोरच्या बाजूला बहुधा डॉक्टरच्या व्यवसाय-विम्याच्या कंपनीनं नेमलेला, रोज हेच करणारा वकील.

तज्ज्ञाचं मत ही पुढची अडचण. त्याच गावातला दुसरा डॉक्टर तुमच्यासाठी शपथपत्र देईल का? त्याची बायको त्याच रुग्णालयात भूल देत असते, मुलगा तिथेच प्रॅक्टिस सुरू करणार असतो. 2009 साली मुंबईतून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आधी तज्ज्ञ समितीचं मत मागवा असं सांगून दार जवळजवळ बंद केलं होतं. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या किशन राव खटल्यात ते पुन्हा किलकिलं झालं. हिवतापाच्या बाईला विषमज्वराचे उपचार दिले गेले होते. अशी उघडी चूक असेल तर तज्ज्ञाची सक्ती नाही, असं न्यायालय म्हणालं. शिवाय सविता गर्ग खटल्यानं 2004 मध्ये मान्य केलं होतं, की नेमका कोणता डॉक्टर चुकला हे रुग्णानं शोधत बसायचं कारण नाही. रुग्णालयाला प्रतिवादी करा, काळजी घेतली हे दाखवणं त्याचं काम. तातडीच्या विभागात, जिथे पाळी बदलली की चेहरे बदलतात, हा निकाल फार उपयोगाचा.

सरकारी रुग्णालयात गेलेल्यांसाठी हा रस्ता बंद आहे. सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते तिथे ग्राहक हे नातंच तयार होत नाही; केसपेपरचे दहा-वीस रुपये भरल्यानंही नाही, असं शांता खटल्यातच म्हटलं आहे. म्हणजे सर्वात गरीब माणसाला सर्वात सोपं न्यायपीठ नाही. त्याला दिवाणी न्यायालय, नाहीतर उच्च न्यायालयात रिट. 1963 साली औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाळंतिणीच्या पोटात कापडाचा बोळा राहिला आणि ती गेली. नवऱ्यानं सरकारविरुद्ध दावा लावला. खालच्या कोर्टानं दिलेले 36 हजार उच्च न्यायालयानं काढून घेतले, सर्वोच्च न्यायालयानं परत दिले, ते 1996 साली. तेहेतीस वर्षं. पोटातला बोळा स्वतःच बोलतो, त्याला साक्षीदार लागत नाही, हे ठरायला एवढी वर्षं लागली. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात 24 मृत्यू झाले तेव्हा उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. खाटा, औषधं आणि माणसं यांच्या हिशेबाची विचारणा झाली, तीही हवीच होती. पण त्या चोवीस घरांपैकी एखाद्यानं 'माझ्या बाळाचं नेमकं काय झालं' असं विचारलं असतं, तर त्याला कुठल्या खिडकीपाशी उभं करायचं हे कुणाला सांगता आलं असतं?

लोकांना पहिल्यांदा आठवते ती पोलीस चौकी. ती कॅज्युअल्टीच्या शेजारीच असते आणि राग ताजा असतो. फौजदारी बाजू मात्र जाणूनबुजून अरुंद ठेवली आहे. 1995 साली लुधियानाच्या एका रुग्णालयात रात्री रुग्णाला धाप लागली. वीसेक मिनिटं कुणी आलं नाही, आलं तेव्हा आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला, आणि मुलानं शेजारच्या खोलीतून दुसरा ओढत आणेपर्यंत वडील गेले. याच प्रकरणात, जेकब मॅथ्यू खटल्यात, 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला. गुन्हा ठरायला निष्काळजीपणा अतिशय ठळक, बेदरकार हवा. तपास अधिकाऱ्यानं आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, निष्पक्ष मत घ्यावं. सरसकट अटक नको. रिकाम्या सिलिंडरसाठी रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी येऊ शकते, पण त्यावर आम्ही मत देत नाही, असंही न्यायाधीशांनी लिहिलं. माझ्या मते हा निकाल तत्त्वानं बरोबर आहे. त्या मुलाला तो बरोबर वाटेल अशी अपेक्षा करणं मात्र क्रूरपणाचं.

जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचारादरम्यान घडल्यास दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात अशा तक्रारी मतासाठी सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे जातात. त्या मताचा कागद मिळाला तर पुढे दिवाणी बाजूलाही उपयोगी पडतो. पोलिसांकडे जाण्यात खरा फायदा बऱ्याचदा एवढाच असतो, आणि दुसरा म्हणजे शवविच्छेदन.

शवविच्छेदनाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. 'आता चिरफाड नको, माणूस गेला' हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी वडीलधारं बोलतंच. त्यात माया आहे. पण मृत्यूचं कारण ठरवणारा एकमेव तटस्थ कागद त्या वाक्यानं कायमचा हातचा जातो. पुढे दोन वर्षांनी आयोगासमोर 'हृदयविकारानं गेले' असं रुग्णालय म्हणतं आणि खोडून काढायला काही उरत नाही. शंका असेल तर त्याच रात्री लेखी मागणी करायला हवी, आणि ती करायला सांगणारं कुणी नसतं.

उरतो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा रस्ता. तिथे पैसे मिळत नाहीत. डॉक्टरला ताकीद मिळते किंवा नोंदणी काही काळ स्थगित होते. ज्यांना भरपाईपेक्षा 'हे चुकीचं होतं' एवढं कुणीतरी म्हणायला हवं असतं, त्यांनी इथे जावं. असे लोक आपण समजतो त्यापेक्षा जास्त असतात.

आता कागदाकडे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. 2023 साली आलेले नवे नियम काही दिवसांतच स्थगित झाले, त्यामुळे हीच संहिता चालू आहे. केसपेपर रुग्णापासून गोपनीय म्हणून लपवता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 1996 मध्येच रहेजा खटल्यात सांगितलं होतं. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये रुग्णहक्कांची सनद आली, दर्शनी भागात दरपत्रक लावणं आलं, तक्रार कक्ष आला.

प्रत्यक्षात रुग्णाला मिळतं ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर सगळं गुळगुळीत असतं. हवं असतं ते वेगळंच: कॅज्युअल्टीच्या नोंदवहीतली येण्याची वेळ, सिस्टरच्या नोंदी, औषधांचा तक्ता, मॉनिटरच्या आणि ईसीजीच्या मूळ पट्ट्या, रेफर चिठ्ठी, सही घेतलेले संमतीचे कागद, सीसीटीव्हीचं चित्रण. चित्रण तर बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवा असं पत्र पोच घेऊन दिलं नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. पोच मात्र हवी. आवक शिक्क्यासाठी रेकॉर्ड रूमच्या बाबूशी होणारी झटापट हा अनेक खटल्यांचा पहिला अंक असतो.

आणि 'डामा'. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत आहोत, अशी ती सही. 'इथे सोय नाही, मोठ्या रुग्णालयात न्या' असं तोंडी सांगायचं आणि कागदावर 'नातेवाईक स्वखुशीनं नेत आहेत' अशी सही घ्यायची, हा प्रकार किती राजरोस चालतो ते रुग्णवाहिकेच्या कुठल्याही चालकाला विचारा. सही करताना त्याच कागदावर 'डॉक्टरांनी पुढे न्यायला सांगितलं म्हणून' एवढे शब्द आपल्या हातानं लिहिले, तर त्या कागदाचा अर्थच बदलतो. हे कुणी शिकवत नाही. रुग्णाची शुद्ध हरपत चालली असताना कुणाला सुचणार?

सुचत नाही म्हणून जे होतं ते आपण दर महिन्याला वाचतो. काचा फुटतात, डॉक्टरला मारहाण होते. महाराष्ट्रात 2010 पासून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र. ज्याचा माणूस गेला तोच आरोपी होतो. मूळ चुकीबद्दल विचारायची त्याची ताकद तिथेच संपते आणि त्या रात्रीचा केसपेपर लिहायला रुग्णालयाला पुरेसा वेळ मिळतो. दुसऱ्या टोकाला राजस्थानातल्या लालसोटची गोष्ट आहे. 2022 साली तिथे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानं बाई दगावली, पोलिसांनी थेट खुनाचं कलम लावलं आणि त्या डॉक्टरनं जीवन संपवलं. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कितीही काळजी घेतली तरी होऊ शकतो. पहिल्या रात्री दोन्ही बाजूंच्या मधे कुणी समजतं माणूस नसलं की असंच होणार.

वकिलाच्या मदतीची स्थितीही पाहू. अमेरिकेत तातडीच्या विभागातल्या चुकांचे खटले लढणारे वकील पक्षकाराकडून आगाऊ काही घेत नाहीत. जिंकले तर भरपाईतला वाटा घेतात. तिथल्या कुणा मराठी नातेवाइकाकडून हे ऐकलेले लोक इथेही तसं विचारतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे. परिणाम असा, की गरीब रुग्णाचा चांगला खटला कुणाच्याच फायद्याचा नसतो. वैद्यकातलं कळणारे वकील मुंबई-पुण्यात सापडतात. परभणी, गडचिरोलीत शोधावे लागतात.

मोफत कायदेशीर मदतीचा कायदा 1987 चा आहे. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कामगार यांनाही, आणि महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळू शकतो. 15100 हा त्यांचा फोन. म्हणजे नवरा गमावलेली कुठलीही बाई, ती कितीही सुस्थितीत असो, हक्कदार आहे. हे किती जणींना ठाऊक आहे? ग्राहक चळवळीत आपलं राज्य जुनं. पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायतीचं काम सत्तरच्या दशकात सुरू झालं. फ्लॅट, प्रेशर कुकर, विमा यांच्या तक्रारी लिहून देणारे स्वयंसेवक तिथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. केसपेपर वाचून देणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके.

विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रशिक्षित विधी स्वयंसेवक आहेत. ते पोलीस ठाण्यांत बसतात, तुरुंगांत जातात. ससून, केईएम, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी, यांच्या कॅज्युअल्टीजवळ पोलीस चौकी असते, मृत्यूचे कागद भरणारा कारकून असतो, शववाहिकेवाल्यांचे मोबाइल नंबर भिंतीवर लिहिलेले असतात. त्याच भिंतीला लागून एक टेबल, एक खुर्ची, नोंदींच्या अर्जाचे छापील नमुने आणि रात्रपाळीला बसणारा एक स्वयंसेवक, एवढं ठेवायला नवा कायदा लागत नाही. जागा लागते चार बाय चारची.